थेंबात न सापडणारा जिवाणू

अन्नातले घातक जिवाणू ओळखणारे बायोसेन्सर हे माझं काम आहे, असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘बोट टोचलं की काही सेकंदांत साखर कळते, मग अन्नाला पट्टी टेकवून जंतू का कळत नाहीत?’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दोन्हींची जातकुळी एकच. अमेरिकी शास्त्रज्ञ लेलंड क्लार्क यांनी १९६२ मध्ये इलेक्ट्रोडला एन्झाइमची जोड देऊन साखर मोजण्याची कल्पना मांडली. आमच्या सेन्सरवर एन्झाइमऐवजी बहुतेकदा प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, असतात. नेमका जिवाणू आला की ती त्याला धरतात, पृष्ठभागावरचा विद्युतरोध बदलतो आणि तो बदल आम्ही वाचतो. हे मिनिटांत होतं.

अडतं ते त्याच्या आधी. रक्ताच्या इवल्याशा थेंबातही साखरेचे रेणू कोटी गुणिले कोटीहून जास्त असतात, त्यामुळे थेंब कुठूनही घ्या, साखर सापडणारच. सॅल्मोनेला या अन्नातून आजार पसरवणाऱ्या जिवाणूचं तसं नाही. पुष्कळ पदार्थांसाठी निकष असा की २५ ग्रॅममध्ये तो एकही नसावा. हे २५ ग्रॅम आम्ही २२५ मिलिलिटर पोषक द्रवात घुसळतो. समजा त्यात एकच जिवाणू आहे आणि सेन्सरवर मी मिलिलिटरचा दहावा भाग टाकला, तर तो नेमका त्या थेंबात येण्याची शक्यता अडीच हजारांत एक. सेन्सर कितीही तल्लख असला तरी जो थेंबात आलाच नाही, त्याला तो कसा ओळखणार?

म्हणून प्रयोगशाळा जिवाणूंना आधी वाढू देते. ३७ अंशांवर सुमारे १८ तास, मग निवडक द्रवात एक दिवस, मग पोषक माध्यमाच्या प्लेटवर आणखी एक दिवस. लालसर माध्यमावर काळ्या ठिपक्यांच्या वसाहती दिसल्या की संशय पक्का होतो आणि खात्रीच्या चाचण्या सुरू होतात. सगळं धरून चार-पाच दिवस जातात. ताजं अन्न तोवर खाऊन संपलेलं असतं, आणि मला हे काम सोडवत नाही ते याचमुळे.

एक नमुना मी विसरत नाही. सेन्सरने ठामपणे ‘आहे’ सांगितलं. मी तीन दिवस प्लेटा उघडून बघत होते, एकही वसाहत नाही. अन्न नीट तापवलेलं होतं. जिवाणू मेले होते, पण त्यांची कवचं शाबूत होती आणि प्रतिपिंडांना कवचच ओळखू येतं. तेव्हापासून मी बॅक्टेरिओफेजकडे वळले. हे विषाणू जिवाणूंना ग्रासतात, पण जिवंत पेशीतच त्यांची संख्या वाढते. वाढ दिसली, म्हणजे आत कुणीतरी जिवंत आहे.

शिवाय खरं अन्न म्हणजे गढूळ प्रकरण. दुधाचा थेंब टाकला की स्निग्धांश आणि प्रथिनं इलेक्ट्रोडवर साय धरावी तशी बसतात आणि जिवाणू नसतानाही आकडा हलतो. स्वच्छ द्रावणात छान चालणाऱ्या सेन्सरला म्हणूनच मी तयार सेन्सर म्हणत नाही.

यावरचा मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय चुंबकीय मण्यांचा. प्रतिपिंडं लावलेले बारीक मणी पूर्ण नमुन्यात फिरवायचे, बाटलीच्या बाजूला चुंबक धरायचा. तपकिरी गढूळपणा हळूहळू काचेच्या एका कडेला गोळा होतो आणि उरलेलं द्रव ओतून टाकता येतं. जिवाणू एका थेंबाएवढ्या जागेत येतात. त्याआधी काही तास वाढू दिलं, तर दिवसांचं काम एका पाळीत बसवता येईल, अशी माझी धडपड आहे.

घरी वापरायची पट्टी? इतक्यात नाही. आणि वासावर विसंबू नका. लिस्टेरिया हा घातक जिवाणू फ्रीजमध्येही वाढतो, आणि अन्नाला वास येईलच असं नाही.