भिंतीपलीकडच्या टाक्यांत काय आहे, हे विचारायला गेले तेव्हाचा माझा अनुभव

नागपुरात हिंगणा रोडला, बुटीबोरीला, वाडीकडे किंवा कळमन्याच्या शीतगृहांच्या आसपास ज्यांची घरं आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. शिवाय एका कार्यालयाने जो मनस्ताप दिला तो अजून डोक्यातून गेलेला नाही, म्हणूनही लिहिते आहे.

आमचं ले-आउट एमआयडीसीच्या कडेला आहे. ४ डिसेंबर २०२४ ला सकाळी साडेसातच्या सुमारास तेलंगणात मुलुगूजवळ ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि तो नागपुरातही जाणवला. त्याच वर्षी ३, ४ आणि ५ मे अशा लागोपाठ तीन दिवशी नागपूर जिल्ह्यात सौम्य धक्के नोंदले गेले होते. डिसेंबरच्या त्या सकाळी आमच्याकडचे सगळे लोक घराबाहेर येऊन एका मोकळ्या प्लॉटवर उभे राहिले. तो प्लॉट एका कारखान्याच्या भिंतीला लागून आहे आणि भिंतीपलीकडे दोन आडव्या, पांढऱ्या टाक्या दिसतात. त्यांत काय आहे, हे आमच्यापैकी एकालाही सांगता येईना. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, ‘पाणी असंल मॅडम.’

‘नागपूर तर झोन दोनमध्ये आहे, इथे काय होते?’ हे वाक्य मला पुढे जवळजवळ प्रत्येक टेबलावर ऐकावं लागलं, म्हणून त्याचं उत्तर आधीच देते. झोन दोन म्हणजे भूकंपाच्या नकाशावरचा कमी धोक्याचा पट्टा. १९९३ च्या भूकंपाआधीच्या नकाशावर किल्लारी झोन एकमध्ये होतं, म्हणजे आपल्याहूनही कमी धोक्याचं. शिवाय रसायन बाहेर यायला इमारती जमीनदोस्त व्हाव्या लागत नाहीत. टाकी आणि पाइप वेगवेगळे हलतात आणि जोडावर पाइप तुटतो, तेवढं पुरतं.

तुर्कस्तानात १७ ऑगस्ट १९९९ ला पहाटे इझमितच्या परिसरात मोठा भूकंप झाला. त्यात यालोवाजवळच्या अ‍ॅक्रिलिक धाग्याच्या कारखान्यातून सुमारे साडेसहा हजार टन अ‍ॅक्रिलोनायट्राइल बाहेर पडलं. हे रसायन विषारी आहे आणि पेटही घेतं. गळती अडवण्यासाठी टाक्यांभोवती जे काँक्रीटचे बांध असतात, त्यांनाही भेगा पडल्या होत्या. त्याच वेळी इझमितची तेल रिफायनरी पेटली होती, वीज गेली होती, पाण्याच्या लाइन फुटल्या होत्या. रिफायनरीभोवतीचा परिसर रिकामा करायला सांगितल्यामुळे ढिगाऱ्याखालच्या माणसांचा शोधही खोळंबला. २००८ मध्ये चीनच्या सिचुआनमधल्या भूकंपात शिफांग इथे दोन रसायन कारखाने कोसळले, ऐंशी टनांहून जास्त द्रव अमोनिया बाहेर आला आणि हजारो लोकांना हलवावं लागलं. एरवी गळती झाली तर फायर ब्रिगेड एका ठिकाणी धावून जाते. भूकंपात तिला सगळीकडून एकदमच बोलावणं येतं.

मला झोप लागू न देणारी गोष्ट मात्र वेगळीच होती. भूकंप झाला की आपण घराबाहेर मोकळ्यावर यायचं. वायुगळती झाली की बहुतेक वेळा उलटं सांगतात: घरात जा, दारं-खिडक्या लावा, फटींत ओली फडकी कोंबा. दोन्ही एकदम झालं तर आम्ही करायचं काय? कुणीतरी हा विचार आधी करून कागदावर लिहून ठेवला असेल, असं मला वाटत होतं. तो कागद मला पाहायचा होता, एवढीच माझी मागणी.

असा कागद असायला हवा, हे कायदाच सांगतो. भोपाळनंतर कारखाना अधिनियमात कलम ४१ ब आलं. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्याने आसपासच्या लोकांनाही धोक्याची माहिती दिली पाहिजे, असं ते म्हणतं. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत कारखान्याच्या आतला आपत्कालीन आराखडा आणि बाहेरच्या वस्तीसाठीचा आराखडा असे दोन वेगवेगळे सांगितले आहेत. आपल्याला हवा असतो तो बाहेरचा. मग १९९६ चे रासायनिक अपघातांबाबतचे नियम आहेत. त्यांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर संकट गट नेमायला सांगितले, आणि त्यांच्या नियम १३ मध्ये नागरिकांनी मागितल्यास माहिती देण्याची तरतूद आहे. हा १३ नंबर लक्षात ठेवा. मला शेवटी तोच कामी आला.

अर्ज लिहिणं, स्टॅम्प लावणं, पोच घेणं यात काही अडचण आली नाही. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर करायचा असतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. मी चार मुद्दे लिहिले: आमच्या भागाच्या बाहेरच्या आराखड्याची प्रत, त्यातला नकाशा, शेवटच्या मॉक ड्रिलचा अहवाल आणि लोकांना इशारा देण्याची पद्धत. पहिल्या कार्यालयाने कलम ६(३) खाली अर्ज पाच दिवसांच्या आत योग्य ठिकाणी पाठवला आणि मला तसं पत्रही दिलं. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

अर्ज जिथे वर्ग झाला, तिथे तो रुतला.

चौकशीला गेले तर बारनिशीवरची, म्हणजे आलेल्या कागदांची नोंद करणारी, बाई म्हणाली, नोंद झाली आहे, टेबलावर पाठवलाय. टेबलावरचे म्हणाले, अजून आलाच नाही. पुन्हा बारनिशी, तर बाईंनी रजिस्टर उघडून सही दाखवली. ती सही टेबलावरच्यांचीच होती. त्यावर ‘बघतो, सोमवारी या.’ सोमवारी साहेब व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये. त्यानंतर साहेब दौऱ्यावर. नंतर संबंधित लिपिक प्रशिक्षणाला. प्रत्येक वेळी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी जायचे आणि भिंतीला टेकलेल्या बाकावर बसून राहायचे. तिथे कुणी वाईट वागलं नाही, चहासुद्धा विचारला. पण विषय काढला की सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव, की ह्या बाईला हे काहून पाहिजे.

तीस दिवसांची मुदत संपता संपता पत्र आलं. चारही मुद्द्यांपुढे एकच उत्तर: ‘माहिती निरंक.’

मी ते पत्र घेऊन गेले आणि विचारलं, निरंक म्हणजे आराखडाच नाही असं समजायचं का? टेबलावरचे दादा अगदी सहज म्हणाले, ‘तसं नाही मॅडम, आराखडा आहे. पण तो गोपनीय असते, देता येत नाही.’ मी म्हटलं, मग तसं लिहून द्या. त्यावर ते गप्प झाले. मग म्हणाले, ‘तुम्ही कोणत्या संस्थेकडून आलात? कारखान्याशी काही वाद आहे का? नोकरीबिकरीचं काही?’ नाही म्हटलं. ‘मग कशाला त्रास करून घेता? इथे कुठे भूकंप होऊन राहिले?’

मला तिथे जो संताप आला, तो शब्दांत मांडणं कठीण आहे. माझ्या सासूबाई गुडघ्यांमुळे धड चालू शकत नाहीत, त्यांना कुठल्या दिशेने न्यायचं हे मला कळायला हवं होतं. त्यासाठी संस्था कशाला लागते? कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराला कारण विचारताच येत नाही. तुम्हाला विचारलं तर शांतपणे हे कलम सांगा आणि कारण लिहून देऊ नका. एकदा कारण दिलं की चर्चा तुमच्या कारणावर सुरू होते आणि कागद बाजूला राहतो.

पहिलं अपील लगेच केलं. उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत ते करायचं असतं, वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो. अपिलात मी तीनच गोष्टी लिहिल्या. एक, लेखी उत्तर निरंक आणि तोंडी उत्तर गोपनीय, ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. दोन, नियम १३ प्रमाणे ही माहिती मागणाऱ्याला द्यायचीच आहे. तीन, आराखड्यातला काही भाग खरोखर सुरक्षेचा असेल तर कलम १० प्रमाणे तेवढा झाकून उरलेला द्या.

सुनावणीची नोटीस मिळाली ती सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी. तरी गेले. माहिती अधिकारी म्हणाले, नकाशा बाहेर गेला तर घातपाताचा धोका आहे. मी विचारलं, टाक्या तर माझ्या गच्चीवरून दिसतात, मग लपवायचं काय राहिलं? पळायचा रस्ता लपवून कुणाचं रक्षण होतं? अपिलीय अधिकाऱ्यांनी नियमांचं पुस्तक मागवलं. ते कार्यालयात नव्हतं. मी नियम १३ ची प्रत पिशवीत नेली होती, ती पुढे केली. त्यांनी ती दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘ताई, अवलोकनाला या. हवी ती पानं निवडा.’ तेवढ्यावर मला रडू येईल असं वाटलं. नियमाची छापील प्रत कायम जवळ ठेवा. मोबाइलवर दाखवलेलं कुणी मनावर घेत नाही.

आदेश निघूनही नस्ती, म्हणजे फाइल, सापडायला वेळ लागला. सापडली तेव्हा दोन कपाटांच्या मधून आली, फीत सुटलेली, वरच्या पुठ्ठ्यावर धुळीत बोटांचे ठसे. आत तो नकाशा: झेरॉक्सची झेरॉक्स, मध्ये कारखाना, भोवती पेन्सिलने काढलेलं वर्तुळ. वर्तुळाच्या आत, जिथे आज आमची घरं आहेत, तिथे लिहिलं होतं ‘पडीत जमीन’. शेजारी फोन नंबरांची यादी, त्यातले बरेचसे सहा आकडी, म्हणजे नागपूरचे लँडलाइन सात आकडी होण्याच्या आधीचे. लोकांनी जमायची जागा म्हणून फुली मारलेली होती, ती भिंतीलगतच्या त्याच मोकळ्या जागेवर. इशारा कसा देणार, तर कारखान्याच्या भोंग्याने. भोंगा चालणार विजेवर. भूकंपाचा उल्लेख मी पानोपानी शोधला, कुठेही नव्हता.

टाक्यांत द्रव अमोनिया आहे, हेही तिथेच कळलं.

मी पानांवर खुणा केल्या, दोन रुपये पानाप्रमाणे पैसे भरले आणि साक्षांकित प्रती घेतल्या. साक्षांकितच घ्या, नुसता फोटो पुढे उपयोगी पडत नाही.

त्यानंतरचं काम मात्र भराभर झालं. आमच्या ले-आउटच्या सचिव काकांनी सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि आम्ही जिल्हा संकट गटाच्या अध्यक्षांना, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना, नकाशाच्या प्रतीसह निवेदन दिलं: आमची वस्ती नकाशावर घ्या, जमायची जागा बदला, भोंग्याला बॅटरी लावा आणि मॉक ड्रिल आम्हाला बरोबर घेऊन करा. स्थानिक गटाने दर सहा महिन्यांनी अशी ड्रिल करायची असते, हेही १९९६ च्या त्याच नियमांत आहे. कारखान्याचे सुरक्षा अधिकारी आमच्या बैठकीला आले. आधी जरा आखडून होते, पण बायकांनी नेमके प्रश्न विचारायला सुरुवात केल्यावर मोकळे झाले आणि दोन तास थांबले.

त्यांनी सांगितलेलं इथे देते, कारण कारखाना कोणताही असो, अमोनियाचा स्वभाव तोच असतो. वास फार लवकर येतो, तोच पहिला इशारा. भोंग्याची वाट पाहू नका. वायू हवेपेक्षा हलका असला तरी थंड द्रव फुटून बाहेर आला की पांढरा ढग जमिनीलगत पसरतो, त्यामुळे खोलगट जागा आणि नाले टाळा. तो पाण्यात पटकन विरघळतो, म्हणून ओला रुमाल किंवा ओढणीचा पदर नाकातोंडावर धरल्याने फरक पडतो. डोळे चुरचुरले तर चोळू नका, भरपूर पाण्याने धुवा. पळताना ढगाच्या पुढे पुढे पळायचं नाही, वाऱ्याला आडवं जाऊन ढगाच्या बाजूला निघायचं. म्हणजे वारा कुठून आहे हे दिसायला हवं. आम्ही पाण्याच्या टाकीवर एक केशरी कापड बांधलं आहे, कोणत्याही अंगणातून दिसतं. आणि जमायच्या जागा दोन ठरवल्या, एक मंदिरामागची, एक शाळेच्या मैदानाची. वारा पाहून कुठे जायचं ते ठरवायचं.

माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तरही त्या बैठकीत निघालं. घराला भेगा नसतील आणि वास येत असेल तर आत राहून दारं-खिडक्या लावायच्या. घराला भेगा पडल्या असतील तर आत थांबायचं नाही, वारा पाहून लांबच्या जागेवर जायचं. सासूबाईंसाठी शेजारच्या दोन मुलांनी खुर्चीसकट उचलून न्यायची तयारी दाखवली आहे, एकदा करूनही पाहिलं.

भोंग्याच्या बॅटरीचं पत्र निघालं आहे, बॅटरी अजून बसलेली नाही. ड्रिलची तारीखही कळवलेली नाही. त्याबद्दल मी नवा अर्ज टाकला आहे आणि यावेळी पहिल्याच ओळीत नियम १३ लिहिला आहे.

एक सांगायचं राहिलं. कळमन्याकडच्या एका बहिणीने विचारलं, की आमच्या शेजारच्या शीतगृहाचा आराखडा मिळेल का. अमोनियाचा साठा नियमांत ठरवलेल्या मर्यादेखाली असेल तर तो मोठ्या धोक्याच्या यादीत येत नाही आणि बाहेरचा आराखडा बहुधा नसतोच. अशा वेळी अर्जात आराखडा मागू नका, नाहीतर खरंच निरंक येईल. साठा किती, शेवटची तपासणी कधी झाली आणि तपासणीत काय आढळलं, हे मागा. आणि १०१, ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे तिन्ही नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावा, म्हणजे घरातल्या पोरांनाही दिसतील.