दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये युजर टेस्टिंग कधी करता? तुम्ही विचारलंत म्हणून

कॉलेजात बोलायला गेले, नव्या टीमला जॉईन झाले, अगदी लग्नात कुणी आयटीतला मावसभाऊ भेटला तरी हाच प्रश्न येतो. तुमचा स्प्रिंट (म्हणजे सॉफ्टवेअरच्या कामाचा ठरावीक दिवसांचा एक टप्पा) दोन आठवड्यांचा, त्यात युजर टेस्टिंग बसवता कधी? आणि त्याला जोडून लगेच दुसरा, पाच माणसांना दाखवून असं काय कळतं हो? दरवेळी घाईघाईत काहीतरी अर्धवट सांगते आणि घरी येईपर्यंत चुटपुट लागून राहते, म्हणून आज नीट लिहायला बसलेय.

मी गेली चौदा वर्षं युजेबिलिटी टेस्टिंग करते. म्हणजे ॲप ज्याला वापरायचंय त्याच्याच हातात द्यायचं, एखादं काम सांगायचं आणि तो कुठे अडतोय ते गप्प बसून बघायचं. बग शोधणारं टेस्टिंग वेगळं, ते क्यूएवाले, म्हणजे सॉफ्टवेअरचा दर्जा तपासणारे, करतात. बटण दाबल्यावर चालतं का हे ते बघतात, आणि मी बघते की समोरच्याला ते बटण दिसतंय का, दिसलं तर दाबावंसं वाटतंय का.

उत्तराआधी एक दुधाची गोष्ट सांगते, कारण मला स्वतःला उत्तर तिथेच मिळालं.

काही वर्षांपूर्वी आम्ही सांगली जिल्ह्यातल्या दूध संस्थांच्या सभासदांसाठी ॲप करत होतो. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम असं जे पावतीवर येतं ते फोनवर दिसावं आणि बिल खात्यात जमा झालं की कळावं, एवढंच काम. टीम अगदी शिस्तीत ॲजाइल होती, म्हणजे थोडं थोडं बनवून दाखवत आणि बदलत पुढे जाणारी, रोज स्टँडअप म्हणजे उभ्याउभ्या छोटी बैठक, बोर्डावर चिठ्ठ्या, एक शुक्रवार सोडून दुसऱ्या शुक्रवारी क्लायंटला डेमो. तिसऱ्या डेमोत आम्ही महिन्याच्या दुधाचा ग्राफ दाखवला, गाईचं एका रंगात म्हशीचं दुसऱ्या रंगात, आणि क्लायंटचे मॅनेजर इतके खूश झाले की त्यांनी आपल्या साहेबांना बोलावून पुन्हा दाखवायला लावला. टाळ्या पडल्या. त्या ग्राफमध्ये दोन स्प्रिंट गेले होते आणि सगळ्यांना वाटलं, वसूल झाले.

मग मी आणि आमचा एक डेव्हलपर तासगाव तालुक्यातल्या एका गावात गेलो. पहिल्या काकूंच्या हातात फोन दिला, ग्राफ उघडलेला होता, त्यांनी तो बोटाने वर सरकवला, खाली गेल्या, परत वर आल्या आणि म्हणाल्या, "आजचं फ्याट कुटं हाय ह्यात?" दुसऱ्या दादांनी तेच विचारलं, तिसऱ्या मामांनीही तेच. कारण फॅटवर दर ठरतो. कालच्यापेक्षा आज दोन पॉइंट खाली आले तर म्हशीच्या खाण्यात काही बदललं की डेअरीच्या मशीनवर शंका घ्यायची हे त्याच सकाळी ठरवायचं असतं, महिन्याचा ग्राफ बघून त्यातलं काहीच कळत नाही. आजचं फॅट आमच्या ॲपमध्ये होतं, पण तीन टॅप आत.

बिलाचंही तसंच. तिथे बिल दहा दिवसांचं निघतं, १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. आम्ही मात्र कॅलेंडर दिलं होतं, सुरुवातीची तारीख निवडा, शेवटची तारीख निवडा. पाचातल्या चौघांनी नुसती पहिली तारीख निवडली आणि वाट बघत बसले. "प्रलंबित" म्हणजे काय हे कुणालाच सांगता आलं नाही, आणि तक्रार पाठवायच्या बटणावर "सादर करा" लिहिलं होतं तर एक मामा म्हणाले, ते तहसीलचं दिसतंय, नको दाबायला उगाच.

हे सगळं पाच माणसांत कळलं, एका दिवसात. आता तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते. पाचचा आकडा कुठून आला? युजेबिलिटीचे अभ्यासक याकोब नील्सन आणि थॉमस लँडॉअर यांनी १९९३ मध्ये बऱ्याच टेस्टिंगचा डेटा घेऊन एक गणित मांडलं, सरासरी एका माणसाबरोबर बसलं की त्या डिझाइनमधल्या साधारण ३१ टक्के अडचणी दिसतात. दुसऱ्या माणसाबरोबर काही त्याच काही नव्या, तिसऱ्याबरोबर नव्या आणखी कमी, असं करत पाच जणांत ८५ टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. पुढे २००० साली नील्सनने स्पष्टच लिहिलं की पंधरा माणसं परवडत असतील तर एकदम पंधरा घेऊ नका, पाच-पाचच्या तीन फेऱ्या करा आणि मध्ये दुरुस्ती करा. लोकांना पाच लक्षात राहतं आणि तीन फेऱ्या विसरतात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण सगळा जीव त्या फेऱ्यांमध्ये आहे.

आणि हे मोजणी करायचं साधन नाही. पाचातले चौघे अडले म्हणजे ८० टक्के शेतकरी अडतील असं रिपोर्टमध्ये लिहिणारे मी पाहिलेत, कृपा करून लिहू नका. किती जण अडतात हे कळायला मोठा सर्व्हे लागतो. कुठे अडतात आणि का अडतात हे कळायला पाच पुरतात, तेही एकाच तऱ्हेचे पाच. सभासद पाच, संस्थेचा सचिव असेल तर त्याच्यासारखे वेगळे पाच.

आता वेळेचा प्रश्न. ॲजाइलचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला १७ जणांनी मिळून लिहिला, बहुतेक सगळे प्रोग्रॅमिंगच्या बाजूचे. मी तो मनापासून मानते. चालणारं सॉफ्टवेअर लवकर लवकर हातात द्या, बदलाला घाबरू नका, यातलं एक अक्षर मला खोडावंसं वाटत नाही. पण त्याची बारा तत्त्वं एकदा नीट वाचून बघा, ग्राहक पहिल्याच तत्त्वात आहे, बिझनेसवाल्यांनी आणि डेव्हलपरनी रोज एकत्र काम करावं असंही आहे, आणि वापरणारा? तो एकदाच येतो, कामाचा वेग सगळ्यांना कायम टिकवता यावा असं जिथे म्हटलंय तिथे. आमच्या टाळ्यांचं नेमकं हेच झालं होतं. डेमोला बसलेला माणूस ग्राहक होता, पैसे तोच देणार होता, पण पहाटे धार काढून किटली घेऊन डेअरीवर जाणारा माणूस त्या खोलीत नव्हता. डेमो म्हणजे युजर टेस्टिंग झालंच की, असं म्हणणाऱ्या प्रत्येक टीमला मी हे सांगते.

खरं तर फेऱ्याफेऱ्यांनी काम करायचं ही गोष्ट टेस्टिंगवाल्यांना नवी नव्हतीच. आयबीएमचे जॉन गूल्ड आणि क्लेटन लुइस यांनी १९८५ मध्येच तीन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या, वापरणाऱ्याला पहिल्यापासून भेटा, त्याला वापरताना बघून मोजा, आणि सुधारून पुन्हा तेच करा. स्नोबर्डच्या सोळा वर्षं आधी. दोन्हीकडचे लोक एकच गोष्ट बोलत होते पण एकमेकांच्या खोलीत गेले नाहीत.

दोन्ही एकत्र बसवायची जी रीत मी वापरते ती टोरंटोच्या एलियस कंपनीतली आहे, स्केचबुक प्रो हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर ज्यांनी आणलं तेच. तिथल्या लिन मिलरने २००५ मध्ये आणि डेझिरे सायने २००७ मध्ये ती लिहिली. डिझाइनवाले डेव्हलपरच्या एक स्प्रिंट पुढे चालतात. म्हणजे डेव्हलपर पाचव्या स्प्रिंटचा कोड लिहीत असतात तेव्हा मी सहाव्याच्या स्क्रीन कागदावर किंवा फिग्मात (स्क्रीनचं डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) घेऊन लोकांना दाखवत असते, आणि त्याच बैठकीत चौथ्या स्प्रिंटमध्ये तयार झालेला खरा भागही वापरायला देते. पाच माणसं तीच, चहा एकदाच, काम दोन्ही होतं. स्प्रिंटच्या आत टेस्टिंग कोंबायचं नाही, स्प्रिंटच्या शेजारून चालवायचं.

यात धोका एकच, आम्ही पुढे पळतो आणि मागे वळून नुसती फाइल फेकतो, मग तो छोटा वॉटरफॉलच झाला, एकाचं काम पूर्ण झाल्यावरच दुसऱ्याने सुरू करायची ती जुनी पद्धत. म्हणून दर फेरीला किमान एक डेव्हलपर माझ्याबरोबर आलाच पाहिजे, यात मी तडजोड करत नाही. तासगावच्या त्या दिवशी काकू फॅट शोधत होत्या तेव्हा आमचा डेव्हलपर शेजारी बसून कासावीस झाला होता, ताई वर बघा ना, तिथेच आहे, हे त्याच्या ओठावर आलेलं मला दिसत होतं आणि मी नुसता हात वर केला. ती दोन मिनिटं त्याला माझ्या कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त लागली. रात्री लॉजवर त्याने कुणालाही न विचारता पहिली स्क्रीन बदलली, आजचं फॅट मोठ्या अक्षरात सगळ्यात वर, बिलाला कॅलेंडरच्या जागी दहा-दहा दिवसांची तीन बटणं, "प्रलंबित"चं "अजून जमा नाही" आणि "सादर करा"चं "पाठवा". दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात तेच घेऊन गेलो.

असं माणसामाणसाच्या मध्ये बदलत जाण्याला नाव आहे, राइट (RITE, रॅपिड इटरेटिव्ह टेस्टिंग अँड इव्हॅल्युएशन). मायक्रोसॉफ्टच्या गेम विभागातल्या लोकांनी २००२ मध्ये ते मांडलं आणि उदाहरण दिलं एज ऑफ एम्पायर्स २ च्या ट्युटोरियलचं. कॉलेजमध्ये रात्र रात्र हा गेम खेळलेल्यांनी आठवून बघा, सुरुवातीला सैनिक कसा चालवायचा हे किती अलगद शिकवलं जातं, ते असं माणसांसमोर बसवून, अडलं की लगेच बदलून घडवलेलं आहे. मात्र जिथे कारण आणि उपाय दोन्ही डोळ्यांसमोर स्वच्छ असतील तिथेच हे करावं. कारण कळलं नसेल तर आणखी माणसं बघा, रात्रीत काहीतरी बदलून टाकू नका.

आणखी एक, जे पुस्तकातून शिकले आणि गावात जाऊन सुधारावं लागलं. टेस्टिंगमध्ये आपण सांगतो, मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा. आपल्याकडे पाहुणा घरी आलाय, चहा झालाय, तर त्याने आणलेल्या वस्तूला नाव कोण ठेवणार? सगळे म्हणतात छान आहे मॅडम, चांगलं केलंय, आणि अडले की गप्प होतात, चूक आपलीच असं त्यांना वाटतं. मला हे बघवत नाही, चूक आमची असते. मग मी दोघा-दोघांना एकत्र बसवायला लागले. एका घरी दोघी जावांना एक फोन दिला आणि बाजूला सरकले. थोरली म्हणाली हितं दाब, धाकटी म्हणाली आगं त्ये न्हवं, त्ये मागल्या बिलाचं आसंल, थोरली म्हणाली मग "मागचं बिल" असं का नाही लिवलं ह्यांनी. झालं, मला जे हवं होतं ते मी न विचारता मिळालं. त्या एकमेकींशी बोलत होत्या, माझी भीड कुणालाच नव्हती. तेव्हापासून जिथे जमेल तिथे मी जोड्याच घेते, जावा, शेजारणी, बाप आणि कॉलेजातला मुलगा. बाप-लेकाच्या जोडीत मात्र फोन बापाच्या हातात राहील हे बघायला लागतं, नाहीतर पोरगं हिसकावून घेतं आणि सगळं स्वतःच करून टाकतं.

अर्थात एका बैठकीत सगळं कळत नाही. पहिल्यांदा वापरताना काय होतं ते कळतं, महिनाभर वापरून हात बसल्यावर काय होतं ते कळत नाही. मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागातून अनिरुद्ध जोशी सरांच्या टीमने स्वरचक्र हा कीबोर्ड आणला, अक्षरावर बोट ठेवलं की भोवती मात्रांचं चाक उघडतं तो. कीबोर्डसारख्या गोष्टीला अर्ध्या तासाची टेस्ट पुरत नाही, त्याच माणसांना दिवसामागून दिवस टाइप करायला लावावं लागतं, आणि मराठी टायपिंगवर तसं लांबलचक काम त्यांनी केलंय. प्रत्येक गोष्ट स्प्रिंटमध्ये मावत नाही, आणि ती मावत नाही म्हणून सोडून द्यायचीही नसते.

पाचच्या आकड्याची मर्यादाही मी अशीच अनुभवली. जी अडचण दहातल्या एकालाच येते ती पाच माणसांत दिसण्याची शक्यता फक्त ४१ टक्के असते, म्हणजे ती निसटण्याचीच शक्यता जास्त. आमची एक निसटली. ॲप सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात संस्थेत फोन यायला लागले, दूध दिसत नाही म्हणून. बघितलं तर घरात फोन एक आणि सभासद दोन, नवऱ्याच्या नावावर एक नंबर, बायकोच्या नावावर दुसरा, आणि आमच्या ॲपमध्ये एका मोबाइलला एकच सभासद नंबर जोडता यायचा. म्हैस तिच्या नावावर, दूध ती घालणार, आणि फोन उघडला की फक्त नवऱ्याचं खातं. तिन्ही फेऱ्यांत आम्हाला असं एकही घर भेटलं नव्हतं, आणि आम्हीही कुणाला विचारलं नव्हतं. दुरुस्तीला एक अख्खा स्प्रिंट गेला आणि तोवर त्या बायकांनी कागदाच्या पावत्या जपून ठेवल्या.

आता कुठल्याही गावात टेस्टिंगला गेले की फोन हातात देण्याआधी माझ्या वहीतला पहिला प्रश्न असतो, घरात फोन किती, आणि या फोनवर कुणाकुणाचं चालतं?