पूर्ण रोज

रविवार, रात्रीचे साडेअकरा. झोप येत नाहीये म्हणून लिहितेय.

आज चर्चच्या उपासनेत पाळकसाहेबांनी बायबलमधला मत्तय २० घेतला, येशूनं सांगितलेला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला. शब्बाथ शाळेपासून, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या शाळेपासून, इतक्यांदा ऐकलाय की खरं सांगायचं तर अर्धं लक्ष मोबाईलवर होतं. मालक पहाटे माणसं लावतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि संध्याकाळी पाचला रिकामी उभी असलेली दिसतात त्यांनापण घेऊन येतो, आणि दिवस मावळल्यावर सगळ्यांना सारखीच मजुरी, त्यातही आधी पाचवाल्यांना, म्हणजे दिवसभर उन्हात राबलेल्यांनी उभं राहून ते बघायचं. हे शेवटचं मी आजवर कधी नोटीसच केलं नव्हतं.

आणि एकदम आज्जी आठवली, आईची आई. शेवगावकडं तिचं तीन एकर, कांदा. खुरपणीला बाया यायच्या आणि तिचा हिशोब कडक, एखादी पोराला दवाखान्यात दाखवून दुपारची आली की अर्धा रोज, विषय संपला. "उन्हं कलल्यावर आलीस आन् पूर्ण रोज कशाचा मागती गं?" बांधावर बसून मी हे स्वतः ऐकलंय. ह्या द्राक्षमळेवाल्याला तिनं वेड्यात काढलं असतं.

आज्जी माळकरी. आईनं लग्नाआधी बाप्तिस्मा घेतला तर दोन वर्षं बोलली नाही, मी झाले तेव्हा बोलायला लागली. नाताळला नगरला यायची, करंज्या करायची, उपासनेला मात्र आत नाही, बाहेर पायरीवर बसून राहायची. गेली तेव्हा तुळशीची माळ गळ्यातच होती. दहाव्यानंतर आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एक बाई भेटायला आल्या आणि आईला हळूच म्हणाल्या, "शेवटी प्रभूला कबूल केलं का हो त्यांनी?" आई काही बोलली नाही, धुतलेले कप परत परत पुसत राहिली. चौदा वर्षं झाली, मला तो प्रश्न अजून चावतो.

आम्ही नगरची माणसं टिळकांचं नाव किती अभिमानानं घेतो. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक, त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, बायकोचा, लक्ष्मीबाईंचा, पाच वर्षांनी. मधल्या पाच वर्षांत बाईंना काही झालं असतं तर? त्याच लक्ष्मीबाई, आणि नुसत्या तारखेच्या फरकानं स्वर्गाबाहेर? टिळक तर म्हणायचे की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. आज्जी आयुष्यभर त्याच पुलावर उभी होती की, अभंग म्हणत.

बायबलमधलं इफिस २:८ आम्हाला पाठ. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनं, कमाई नाही, दान. मग "मी विश्वास ठेवला म्हणून मला मिळालं" म्हटलं की ती परत कमाईच झाली ना? पहिल्या तीमथ्यात लिहिलंय की सगळ्या माणसांचं तारण व्हावं ही देवाची इच्छा, आणि मत्तय २५ मध्ये न्यायाच्या वेळी शेरडं-मेंढरं, म्हणजे बाहेरची आणि आतली माणसं, वेगळी काढलेलीच आहेत. तिसऱ्या शतकात ओरिजेन नावाचा ख्रिस्ती पंडित म्हणत होता की शेवटी सगळं देवाकडं परत येईल, मंडळीनं पुढं ते मत नाकारलं. कॅथलिकांनी १९६४ साली व्हॅटिकन परिषदेत लिहून ठेवलं की ज्याला स्वतःचा दोष नसताना सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, कळली नाही, पण जो मनापासून देवाला शोधतो, त्यालाही तारण मिळू शकतं. वाचून बरं वाटलं, पण आज्जीला ते लागू कसं करू, तिला सुवार्ता चांगली माहीत होती, शब्बाथ शाळेतली सगळी गाणी मीच तिला म्हणून दाखवलीयेत. तिनं कौतुकानं ऐकली आणि माळ काढली नाही.

बरं, सगळेच वाचणार असं धरलं तर तो माणूसपण आला. प्लॉटच्या नावाखाली पप्पांचे रिटायरमेंटचे पैसे खाल्लेला. पप्पा त्या टेन्शनमध्येच गेले. गेल्या वर्षी तो आजारी पडला, प्रार्थनेला माणसं बोलावली, रडला, प्रभुभोजन घेतलं आणि आठवड्यात गेला. पैसे काही परत आले नाहीत. येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेला चोर शेवटच्या घटकेला विश्वास ठेवून स्वर्गात आत जाऊ शकतो तर हा नियमानं आत, पाचला आलेला मजूर. आणि आज्जी बाहेर पायरीवर. म्हणजे आज्जीसाठी मला दार सताड उघडं हवंय आणि ह्याच्यासाठी कडी लावलेली. सकाळपासून राबलेले कुरकुरतात ना, त्यात मीच आहे, आणि राबले कुठं हाही प्रश्नच, जन्मलेच ख्रिस्ती घरात.

मघाशी आईला फोन करून हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तुझी आज्जी तिथं असेल तर मालकाशी रोजावरून भांडत असेल बघ."

आणि तो, मी विचारलं.

"तोपण असेल. फक्त ह्यांच्या शेजारी बसवू नये म्हणजे झालं. ठेव आता, सकाळी पाणी लवकर येतंय."