तिसरं नाव म्हणून तीस टक्के

पदोन्नतीचा आदेश हातात पडून महिना झाला, तरी राग गेलेला नाही. कुडाळजवळच्या एका कॉलेजात मी आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवते. सहयोगी प्राध्यापकाची प्राध्यापक होण्यासाठी कॅसची, म्हणजे करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम या पदोन्नती योजनेची, फाइल टाकली आणि ती एकाच शोधनिबंधावर सात महिने अडली. बाकीच्या कागदांना कुणी हात लावला नाही.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार संशोधनाचे किमान ११० गुण लागतात. माझे एकटीचे आठ निबंध म्हणजे ८०, दोघांचे दोन म्हणजे १४, पुस्तकातलं प्रकरण आणि इतर कामं मिळून १०. झाले १०४. उरला तिघांचा निबंध. फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघानं मे २०१४ पासून आपल्या आंब्यावर बंदी घातली, ती जानेवारी २०१५ मध्ये उठवायचं ठरलं. मधल्या काळात देवगडच्या बागायतदारांनी माल कुठे वळवला, हा त्याचा विषय. अशा निबंधात पहिल्या किंवा संपादकांशी पत्रव्यवहार पाहणाऱ्या लेखकाला ७ गुण, इतरांना ३. पत्रव्यवहार माझा होता. वाडीवाडीत फिरून पेट्यांचे हिशेब मीच उतरवून घेतले होते.

फाइल तपासणाऱ्या कार्यालयाच्या खिडकीवरून उत्तर आलं, "मॅडम, तुमचं नाव तिसरं. तीसच टक्के." म्हणजे १०७. फाइल परत.

अर्थशास्त्रात लेखकांची नावं बहुधा आडनावाच्या इंग्रजी अक्षरक्रमानं लावतात. माझं आडनाव व्ही वरून, ते शेवटीच येणार. हे मी खिडकीशी उभं राहून तीनदा समजावलं. पहिल्या पानाच्या तळटीपेत माझा ईमेल छापलेला दाखवला, तर "यावरून काय कळतं? संपादकांचं पत्र आणा." संपादक बदललेले. पत्र यायला तीन महिने गेले. ते घेऊन रात्रीच्या कोकणकन्येनं गेले, तर साहेब दौऱ्यावर. पुढच्या खेपेला, पत्राची छापील प्रत चालत नाही, सही-शिक्क्याची मूळ प्रत हवी.

म्हणून सांगते, निबंध स्वीकारल्याचं कळलं की त्याच आठवड्यात हे पत्र मागून ठेवा. आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका; माझं पहिलं उत्तर "मिळालंच नाही" म्हणाले होते.

शेवटी ते गुण धरले गेले. मुलाखत वीस मिनिटांत आटोपली. समितीनं त्याच निबंधावर प्रश्न विचारले, आणि मी मनापासून बोलले.

अर्ज मात्र मुदतीतच करा. माझ्या आदेशात पात्रतेचीच तारीख धरली आहे, त्यामुळे अडकलेले सात महिने पगारातून गेले नाहीत. आणखी एक, सहलेखकांच्या सह्याही आताच घ्या. माझे एक सहलेखक निवृत्त होऊन मालवणला राहतात. त्या एका सहीसाठी मी भर पावसात एसटीनं गेले होते.