बुधाची सोडियमची शेपटी : या हंगामातील प्रगती

आतापर्यंत माझ्या छायाचित्रांत बुधाच्या सूर्याविरुद्ध बाजूला जेमतेम जाणवेल असा धूसर पट्टा येत असे, आणि तो सूर्यप्रकाशाने मागे ढकललेल्या सोडियमच्या अणूंच्या शेपटीचा की लेन्समधील परावर्तनाचा हे ठामपणे सांगता येत नसे. यंदाच्या सायंकाळच्या दर्शनात मात्र सुमारे एक अंश लांबीची शेपटी स्पष्ट उमटली आहे. त्या वेळी बुध पृथ्वीपासून सुमारे ०.९ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर) अंतरावर होता, त्यामुळे ही लांबी किमान २३ लाख किलोमीटर भरते. शेपटी आपल्या दृष्टिरेषेला तिरपी असल्याने प्रत्यक्षात ती याहून अधिक असणार.

उपकरणे तीच आहेत: १३५ मिलिमीटरची लेन्स, मोनोक्रोम कॅमेरा आणि ५८९ नॅनोमीटरभोवतीचा १० नॅनोमीटर रुंदीचा फिल्टर. खरा फरक पडला तो तारखेच्या निवडीने. बुधाच्या विरळ बाह्यावरणात सोडियम आहे हे पॉटर आणि मॉर्गन यांनी १९८५ मध्ये जमिनीवरूनच दाखवले. हे अणू ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरचा सूर्यप्रकाश शोषून पुन्हा सोडतात, आणि त्याच प्रकाशाच्या दाबाने मागे ढकलले जातात. पण नेमक्या याच तरंगलांबींवर सूर्याच्या वर्णपटात गडद रेषा आहेत. उपसूर्य बिंदूपाशी बुध सूर्याच्या सर्वांत जवळ असला, तरी त्याचा सूर्यापासून दूर जाण्याचा वेग तिथे शून्य असतो. अणू त्या गडद रेषेच्या तळाशी अडकतात आणि त्यांना प्रकाश फारच थोडा मिळतो. पुढे साधारण दोन आठवड्यांनी हा वेग सेकंदाला १० किलोमीटरांच्या घरात जातो, डॉप्लर परिणामामुळे (वेगामुळे प्रकाशाची तरंगलांबी बदललेली भासते) अणू रेषेच्या उजळ कडेवर सरकतात, आणि जसजसे ते ढकलले जातात तसतसा त्यांना मिळणारा प्रकाश आणखी वाढत जातो. म्हणूनच एक्स्पोजर कितीही वाढवले तरी चुकीच्या आठवड्यात शेपटी हाती लागत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. अडचण एवढीच, की हा काळ आणि बुधाचे सूर्यापासूनचे पुरेसे कोनीय अंतर एकाच वेळी जुळून यावे लागते.

दुसरी सुधारणा लेन्सच्या छिद्राची (अ‍ॅपर्चर; एफ/ नंतरचा आकडा मोठा, तितके छिद्र लहान). फिल्टरवर किरण तिरपे पडले की त्याची पारगमन-पट्टी (फिल्टरमधून आरपार जाणाऱ्या तरंगलांबींचा पट्टा) कमी तरंगलांबीकडे सरकते. एफ/२ ला कडेच्या किरणांसाठी हे सरकणे सुमारे ४ नॅनोमीटर होते, म्हणजे १० नॅनोमीटरच्या फिल्टरमधून सोडियमच्या रेषा जवळजवळ निसटतातच. एफ/४ वर ते एक नॅनोमीटरच्या आसपास राहते. प्रकाश चौपट कमी झाला, तरी पार्श्वभूमीच्या तुलनेत शेपटी अधिक उठून दिसली.

फ्रेम ताऱ्यांवर न जुळवता बुधावर जुळवून स्टॅक केल्या, म्हणजे एकावर एक रचून एकत्र केल्या. दहा मिनिटांत बुध ताऱ्यांच्या तुलनेत अर्ध्या कलेहून (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) अधिक सरकतो, आणि माझ्या कॅमेऱ्यात ते सहा पिक्सेल होतात. ताऱ्यांवर जुळवले असते तर शेपटीचा आधीच पुसट असलेला गाभा पसरला असता. संधिप्रकाशाचा उतार (आकाशाचा एका बाजूकडून दुसरीकडे कमी होत जाणारा उजेड) काढण्यासाठी शेपटीचा भाग झाकून उरलेल्या आकाशाच्या उजेडावर गणिती पृष्ठभाग बसवला आणि तो वजा केला. शेपटी झाकली नाही, तर हीच प्रक्रिया तिलाही खाऊन टाकते, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी अवश्य लक्षात ठेवावे.

पडताळणीसाठी ६५६.३ नॅनोमीटरच्या हायड्रोजन-अल्फा फिल्टरमधून आलटून पालटून फ्रेम घेतल्या आणि त्यांवर तंतोतंत हीच प्रक्रिया केली. बुधाभोवतीचे तेजोवलय दोन्हींत आले. शेपटी मात्र फक्त सोडियममध्ये आली, आणि तिची दिशा सूर्याच्या गणित केलेल्या दिशेच्या बरोबर विरुद्ध निघाली. या जुळणीने मला जो आनंद झाला, तो लांबीच्या आकड्यानेही झाला नव्हता.

आता बुध उपसूर्य बिंदूकडे येत असतानाची शेपटी टिपायची आहे. त्या टप्प्यात अणू ढकलले गेले की त्यांचा सूर्याकडे येण्याचा वेग घटतो, ते पुन्हा गडद रेषेत शिरतात आणि त्यांचा धक्का मंदावतो, त्यामुळे शेपटी आखूड असायला हवी. छिद्र, एक्स्पोजर आणि प्रक्रिया यांत काहीही बदल न करता दोन्ही टप्प्यांच्या फ्रेम शेजारी ठेवण्याचा विचार आहे.