अरोवानाच्या कल्ल्याची कड वळली असेल तर

आज म्हापशात एका घरी अरोवाना पाहिला. दोन फुटी मासा, चार फुटी टाकी. डाव्या कल्ल्याच्या झाकणाची मऊ कड बाहेर वळलेली, आतले लाल कल्ले उघडे. असं दिसलं की लोक आधी औषध ओततात. कृपा करून तसं करू नका, पाणी तपासा.

बहुतेक वेळा मूळ कारण अस्वच्छ पाणी आणि अपुरा ऑक्सिजन हेच असतं. २५ अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. आपल्याकडे मे महिन्यात टाकी सहज ३१-३२ वर जाते, त्यात वीज गेली की फिल्टर बंद. बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच.

माशाच्या घाणीतून पाण्यात साठणारे अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवं, त्यांतूनच पुढे होणारं नायट्रेट २० पीपीएमच्या (लिटरमागे २० मिलिग्रॅम) आत. आठवड्यातून दोनदा २५-३० टक्के पाणी बदला. नळाचं असेल तर क्लोरीन काढूनच. विहिरीचं पाणी ओढल्या ओढल्या घालू नका. त्यात ऑक्सिजन कमी असू शकतो. रात्रभर पिंपात हवा सोडा, पीएच (पाणी किती आम्ल आहे त्याचं माप) टाकीशी जुळवा. टाकीतलं पाणी आम्लधर्मी झालं असेल आणि पीएच एकदम चढला, तर निरुपद्रवी अमोनियम विषारी अमोनिया होतं.

फक्त मऊ कड वळली असेल तर सुधारायला वाव असतो, पण महिने लागतात. हाडाचं झाकणच वळलं तर ते सरळ होणं कठीण. मऊ कड कापायची वेळ आलीच तर भूल देऊन, माशांचं काम जाणणाऱ्या पशुवैद्याकडूनच. आणि टाकी मोठी केल्याशिवाय कापूही नका, लहान टाकीत पाणी लवकर बिघडतं आणि कड पुन्हा वळेल.