पट ३० सप्टेंबरला मोजतात

आमच्या रत्नागिरीत नगरपरिषदेच्या शाळेचा विषय निघाला की समोरचा आधी विचारतो, "पट किती राहिलाय?" पट म्हणजे शाळेत नाव असलेल्या मुलांची संख्या. बाई कशा शिकवतात, मुलं वाचतात का, हे नंतर. पट कमी सांगितला की "मग आता बंदच होणार ती" एवढं बोलून माणूस मोकळा. मला या बोलण्याचा राग येतो. पट आपोआप घसरत नाही. तो कसा घसरतो हे मी जवळून बघते आहे, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

परटवण्याच्या बाजूला माझं शिवणकामाचं दुकान आहे. मुलगी नगरपरिषदेच्या शाळेत चौथीला आहे आणि त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी पालक सदस्य आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार असं कोष्टक आहे. कायद्यानं ते किमान म्हणून घातलं. आपल्याकडे तेच कमाल होऊन बसलंय. आता हिशेब करा. वर्ग पाच, मुलं पंचावन्न, बाई दोन. एका बाईंकडे पहिली-दुसरी, दुसऱ्या बाईंकडे तिसरी, चौथी आणि पाचवी. तिसरीला पाढे लिहायला लावून बाई चौथीकडे वळतात, चौथीला उतारा देऊन पाचवीकडे. त्यातून एका बाईंना मतदार यादीचं काम लागलं की दुसऱ्या बाईंच्या समोर पाचही वर्ग. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही तीन कामं शिक्षकांना लावायला कायद्यातच मुभा आहे, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार?

हे बघून एखादी आई जूनमध्ये दाखला मागायला येते. तिला मी दोष देत नाही. पण तिच्या मागोमाग अजून चार दाखले जातात, पट खालच्या टप्प्यावर येतो आणि पुढच्या संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेला शिक्षकांची पदं मंजूर होतात तेव्हा, एक पद अतिरिक्त ठरतं. शिक्षक कमी म्हणून मुलं कमी, मुलं कमी म्हणून शिक्षक कमी. यात शाळेनं नेमकं काय वाईट केलं, ते मला कोणी सांगावं. (आजूबाजूच्या गावांतली तऱ्हा आणखी वेगळी. २०२३ मध्ये आंतरजिल्हा बदल्या झाल्या तेव्हा जिल्हा परिषदेचे शेकडो शिक्षक आपापल्या जिल्ह्यांत निघून गेले आणि इथले डी.एड. झालेले मुलगे-मुली नोकरीची वाट बघत बसले.)

संचमान्यतेसाठी पट धरतात तो ३० सप्टेंबरचा. सगळ्या राज्याला एकच तारीख. पण कोकणातलं शहर त्या तारखेला कसं असतं ते बघा. बोटींवर आणि आंब्याच्या बागांत नेपाळची माणसं किती आहेत हे रत्नागिरीकराला सांगायला नको. मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठते, तेव्हा बोटींवरचे लोक परततात. बागांत राखणीला येणारी कुटुंबं मात्र बरीचशी दिवाळीनंतर येतात आणि आंबा संपला की जातात. म्हणजे त्यांची पोरं आमच्या वर्गात बसतात, खिचडी खातात, बाईंचा वेळ घेतात, आणि मोजणीत कुठेच नसतात. त्यातून आता पट धरायचा तर मुलाचं आधार पडताळलेलं हवं. आधार नाही तर मूल वर्गात दिसतं, सरकारच्या पोर्टलवर नाही.

माझ्या मुलीच्या वर्गात अशी एक मुलगी आली होती. बाप बागेत, आई चार घरी भांडी घासायला. मराठी शून्य. बाईंनी तिला माझ्या मुलीशेजारी बसवलं आणि पुस्तक पुढे ठेवलं, तर पोरीनं धडा घडाघडा वाचून दाखवला! एका शब्दाचा अर्थ कळत नव्हता, पण नेपाळी देवनागरीतच लिहितात आणि ती तिकडे दोन इयत्ता शिकून आली होती. बाई हुशार. त्यांनी तिला रोज चार चित्रं काढायला लावून खाली मराठी नावं लिहायला सांगितली, आणि ती नावं सांगायचं काम वर्गातल्या मुलांना वाटून दिलं. माझी मुलगी घरी येऊन "आई, तिला पागोळी कशी समजावू?" असं विचारायची. मे महिन्यापर्यंत ती पोर आमच्या अंगणात मराठीत भांडत होती. हे काम बाईंनी तीन वर्ग सांभाळून केलं आणि त्याची नोंद करायला कुठल्याच प्रपत्रात रकाना नाही. कोकणासाठी जानेवारीत दुसरी मोजणी ठेवा, एवढी साधी गोष्ट आहे. आधार नसलेल्या मुलाची हजेरी मुख्याध्यापक आणि समितीच्या सहीनं ग्राह्य धरा. त्याला नवा कायदा लागत नाही.

आता दुसरं. मुलं इंग्रजीच्या हौसेपायी जातात असं सगळे म्हणतात. हौस आहेच. पण दुकानात ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायकांशी मी रोज बोलते, त्यांचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडतं. "ताई, पोराला तीन वर्षं झाली, मी कामावर जाते, याला घालू कुठे?" नगरपरिषदेची शाळा पहिलीपासून. खाजगी शाळेत नर्सरी आहे, ज्युनिअर आहे, सिनिअर आहे, दारात व्हॅन येते. एकदा तीन वर्षांचं पोर तिथे गेलं की पहिलीला कोणी त्याला उठवून आमच्याकडे आणत नाही. आम्ही मुलं तिसऱ्या वर्षी गमावतो आणि त्यांचा शोध घेत फिरतो सहाव्या वर्षी, एप्रिलच्या उन्हात घरोघरी.

अंगणवाडी आहे, पण ती महिला व बालविकास खात्याची, शाळा शिक्षण खात्याची, आणि इमारत नगरपरिषदेची. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानं ३ ते ८ वर्षांचा पायाभूत टप्पा एकच मानला. चांगलं केलं. मग आमच्या इमारतीत रिकाम्या पडलेल्या दोन खोल्यांपैकी एकीत बालवर्ग का नको? शहरात अंगणवाड्या भाड्याच्या अंधाऱ्या खोलीत भरतात आणि शाळेच्या खोल्यांना कुलूप असतं. या एका गोष्टीनं जेवढी मुलं येतील तेवढी भिंतीवर रेल्वेचा डबा रंगवून येणार नाहीत.

आणि नगरपरिषदेच्या शाळेत कोणी येतच नाही, हेही खरं नाही. शाळा क्रमांक १५, आपलं दामले विद्यालय, नगरपरिषदेचीच शाळा आहे आणि तिथे प्रवेशासाठी पालक धडपडतात. शिष्यवृत्तीला तिथली मुलं चमकतात. शिष्यवृत्तीवरून आठवलं: ही परीक्षा चौथी-सातवीची पाचवी-आठवीला नेली, आणि चौथीपर्यंतच्या शाळांची जाहिरात करणारी एकमेव गोष्ट त्यांच्या हातून गेली. मेहनत चौथीपर्यंत प्राथमिकच्या बाईंनी करायची, मूल पाचवीला हायस्कूलमध्ये गेलं की फोटो तिकडच्या फलकावर. आता ती पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरलंय ते बरं झालं.

गणवेशाबद्दल मात्र मला थोडं जास्त लिहू द्या, कारण ते माझं रोजचं काम आहे.

पूर्वी एका गणवेशाचे ३०० असे दोन गणवेशांचे ६०० रुपये प्रत्येक पात्र मुलामागे समितीच्या खात्यावर यायचे. त्यात फार काही सुटायचं नाही, पण शिंपी गावातला, मापं शाळेत जाऊन घेतलेली. मी स्वतः पट्टी घेऊन वर्गात बसायचे. दुसरीतला एखादा चौथीच्या मापाचा निघतो, एखादी चौथीतली पहिलीच्या मापाची. कोणाच्या खांद्याला हाडं नुसती, तर त्याला शर्ट थोडा सैल ठेवायचा म्हणजे वर्षभर चालतो. फ्रॉकच्या खाली दोन बोटं माया, म्हणजे जादा कापड, दुमडून ठेवायची, दिवाळीत उसवली की पुन्हा बसतो.

२०२४-२५ ला राज्यभर एकच गणवेश आला. आकाशी आणि गडद निळा. कापड वरून, शिवण बचत गटांकडे. दुसरा गणवेश स्काऊट-गाईडचा, त्याचं नुसतं कापड आणि शिलाईला १०० रुपये, वरखर्चाला १०. शंभर रुपयांत शर्ट आणि पँट कोण शिवतो? काजं, बटणं, चेन, दोरा धरून हिशेब केला तर शिवणाऱ्या बाईच्या हातात चहाचे पैसेही उरत नाहीत. आमच्या ओळखीच्या गटाकडे आलेलं कापड कापूनच आलेलं होतं. मी तुकडे हातात घेऊन बघितले. बाहीची गोलाई आणि मुंढ्याची गोलाई एकमेकींना लागत नव्हती, खाली माया नाही, आणि गठ्ठ्यावर इयत्ता लिहिलेली. इयत्तेला माप नसतं, माप पोराला असतं. गटातल्या बायकांनी रात्री जागून शिवले, तरी बोल त्यांनाच लागले. राज्यात कित्येक शाळांत १५ ऑगस्ट उलटून गेला तरी मुलं जुन्या कपड्यांत होती. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये ते काम पुन्हा व्यवस्थापन समित्यांकडे द्यायचा निर्णय झाला. (मी समितीत आल्यापासून शाळेचं काम घेत नाही, ते दुसऱ्या दुकानात जातं. हे असंच असायला हवं.)

शिक्षक, मोजणी, गणवेश. तिन्हीकडे मला एकच दिसतं. ज्याला पोर दिसतं त्याच्या हातात निर्णय नाही. हाच धागा खाजगी शाळांतल्या गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के जागांच्या बाबतीतही होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये असा नियम केला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला गरिबांच्या राखीव जागा भरायला नकोत. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. मी नगरपरिषदेच्या शाळेची बाजू घेणारी बाई, तरी मला तो नियम पटला नव्हता. गरिबाचं दुसरं दार लावून आमचा पट वाढायला नको. शाळा चांगली आहे म्हणून मुलं यावीत.

आणि निर्णय जवळ आणायची वाट शिक्षण हक्क कायद्यात आहे. कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक, एकूण सदस्यांत निम्म्या बायका. कलम २२ प्रमाणे समितीनं शाळेचा विकास आराखडा करायचा, आणि पुढचं वाक्य महत्त्वाचं: सरकारनं आणि स्थानिक संस्थेनं द्यायच्या अनुदानाचा आधार तोच आराखडा. म्हणजे शाळेला काय हवं हे आपण लिहायचं आणि पैशाचं नियोजन त्यावरून व्हायचं. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी काय होतं? सभेचं रजिस्टर घरी येतं, "वहिनी, इथे सही करा," आणि आराखडा गेल्या वर्षीचाच, तारीख बदललेली. बायका सही करतात, कारण सभा सकाळी अकराला आणि त्या वेळी कोणी मासळी विकत असते, कोणी कंपनीत आंबा कापत असते. आमच्याकडे सभा संध्याकाळी साडेसहाला घ्यायला लागलो. पोरं मैदानात खेळतात, आया वर्गात बसतात. पहिल्या अशा सभेत सगळ्यात आधी काय निघालं असेल? मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, का ते कोणाला ठाऊकच नव्हतं. कडी दुसऱ्या दिवशी एका बापानं स्वतः येऊन बसवली.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले आपल्याच जिल्ह्यातले, गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे. १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. शिक्षण सक्तीचं करायचं की नाही हे ठरवायचा अधिकार त्यात नगरपालिका आणि लोकल बोर्डांना दिलेला होता. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. हक्काचा कायदा यायला पुढे जवळजवळ शंभर वर्षं गेली. तो आल्यावर आपण सही करून रजिस्टर परत पाठवतो, याचं मला वाईट वाटतं.

आमच्या या वर्षीच्या आराखड्यात चार गोष्टी आहेत. रिकाम्या खोलीत बालवर्ग, त्यासाठी अंगणवाडीशी लेखी बोलणी. जानेवारीतल्या हजेरीची समितीच्या सहीची प्रत, जी आम्ही नगरपरिषदेच्या शाळा बघणाऱ्या प्रशासनाधिकाऱ्यांना देणार आहोत, मोजा अगर मोजू नका. पश्चिमेकडच्या जांभ्याच्या भिंतीला पावसाआधी गिलावा, कारण जुलैत त्या बाजूची मुलं बाकं मधे ओढून बसतात. आणि पाचवी इथेच राहावी, म्हणून तिसऱ्या शिक्षकाची मागणी.

नगरपरिषदेचं अंदाजपत्रक फेब्रुवारीत मंजूर होतं, त्याआधी हा कागद आवक क्रमांकासह पोहोचायला हवा. तुमचं मूल शहरातल्या कुठल्याही नगरपरिषद शाळेत असेल, मराठी असो की उर्दू, तर मुख्याध्यापकांकडे जाऊन आपल्या शाळेचा आराखडा वाचायला मागा. तो द्यावाच लागतो. नसेल केलेला, तर माझ्या दुकानात या, आमच्या आराखड्याची प्रत ठेवली आहे. दुकान रात्री आठपर्यंत उघडं असतं, सोमवारी बंद.